दोन राज्यांमधली खाडी

ठाण्याहून कल्याणला जायला आज कोणी मुहूर्त पाहत नाही. आलेल्या गाडीत अंग चोरून शिरावे, कळव्याजवळ खाडीचे पाणी दिसले तर पाहावे, मुंब्र्याचा डोंगर, दिवा, डोंबिवली अशी स्थानके मोजावीत आणि अर्ध्या-पाऊण तासात कल्याणच्या पुलावरच्या गर्दीत मिसळून जावे. या साऱ्या प्रवासात तिकिटावाचून दुसरा कसला परवाना कोणी मागत नाही. परंतु 1534 पासून 1737 पर्यंत, म्हणजे तब्बल 203 वर्षे, ठाण्याहून कल्याणला निघालेला माणूस एका राजाच्या मुलखातून उठून दुसऱ्या राजाच्या मुलखात उतरत असे. ठाणे पोर्तुगीजांचे. समोरचे कल्याण आधी निजामशाहीचे, 1636 नंतर आदिलशाहीचे, 1657 पासून शिवाजी महाराजांचे, मधूनमधून मोगलांचे आणि शेवटी पुन्हा मराठ्यांचे. ही सरहद्द 1737 मध्ये मिटली खरी. पण 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि तीच रेघ त्याच पाण्यावर पुन्हा उमटली, ती 1817 पर्यंत पुसली गेली नाही.

अशा सरहद्दीवरच्या गावात राहणे हे सुदैव की दुर्दैव? इतिहासाला हा प्रश्न विचारला की तो एका तोंडाने बोलत नाही. खलाशी एक सांगतो, वैद्य दुसरे सांगतो, बखरकार तिसरे. ज्यांनी आयुष्य त्या काठावर काढले, त्या कोळ्याने, आगऱ्याने, विणकराने काय म्हटले ते तर कोणी लिहूनच ठेवले नाही. ते आपल्याला निराळ्या वाटेने शोधावे लागते.

पहिली तक्रार फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून इकडे येणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने बंदरांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यात कल्याणचा उल्लेख येतो, तो रडगाण्याच्या सुरात. पूर्वीच्या एका राजाच्या काळी, म्हणजे सातवाहनांच्या अमलात, कल्याण ही रीतसर व्यापाराची पेठ होती. पुढे हात बदलले आणि अडथळे सुरू झाले. आता एखादे ग्रीक जहाज चुकून तिकडे वळले तरी पहारा बसवून त्याला भडोचला नेतात, असे तो सांगतो. भडोच हे क्षत्रपांचे बंदर. दोन सत्तांच्या ओढाताणीत कल्याण सापडले होते आणि परदेशी व्यापाऱ्याच्या लेखी ते गाव संपल्यातच जमा होते.

आता त्याच कल्याणबद्दल दुसरी साक्ष पाहा. खाडीपलीकडे, साष्टी बेटावर, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे पुन्हा पुन्हा येतात. व्यापारी तर आहेतच. पण सामिदत्त नावाच्या कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याचे टाके खोदून दिल्याचे कोरलेले आहे. पेरिप्लसनंतरच्या शे-दीडशे वर्षांतल्या या गोष्टी. ज्या गावाचे बंदर बुडाले म्हणून परदेशी खलाशी हळहळला, त्या गावचा सोनार खाडी ओलांडून जातो आणि भिक्षूंच्या तहानेची सोय करतो! दोघेही खोटे बोलत नव्हते. एकाचा माल अडला होता, दुसऱ्याची ऐरण चालू होती. सरहद्दीवरच्या गावाविषयी कोणाचेही मत ऐकताना त्याचा माल कुठे अडला होता हे आधी विचारावे, असे मला वाटते.

मधली हजार-बाराशे वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. शिलाहारांच्या काळी ठाणे हे राजधानीचे ‘श्रीस्थानक’ होते आणि 1060 मध्ये कोरलेला शिलालेख अंगावर वागवणारे अंबरनाथचे देऊळ कल्याणच्या पाठीशी आजही उभे आहे. म्हणजे तेव्हा दोन्ही तीर एकाच छत्राखाली होते. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याविषयी एक गंमत नोंदवली आहे. इथला राजा म्हणे समुद्री चाच्यांशी हातमिळवणी करून असे. लुटीतले घोडे तेवढे राजाचे, बाकीचे चाच्यांचे! पुढे 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला. साष्टी बेट त्यात गेले, ठाणेही गेले. ज्या लोकांच्या पायाखालची जमीन त्या दिवशी परक्या राजाची झाली, त्यांना कोणी विचारले नव्हते हे सांगायला नकोच.

या सरहद्दीची मौज समजायची तर नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. उल्हास नदी घाटाखालून येते, कल्याणला वळसा घालते आणि खाडी होऊन पुढे साष्टी बेटाच्या डोक्याशी दुभंगते. एक फाटा वसईकडे समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्याच्या अंगाने मुंबईच्या बंदरात. नाणेघाटाने, बोरघाटाने उतरलेले धान्य आणि डोंगरातले लाकूड कल्याणला गोळा होई. तिथून ते समुद्राकडे न्यायचे तर मचव्याला दुसरी वाट नाही; वसईकडे जा की मुंबईकडे, पोर्तुगीजांच्या दारावरूनच जावे लागे. दार ज्याचे त्याची जकात. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती आली तेव्हा पहिल्या काही वर्षांतच त्यांची भांडणे या ठाण्याच्या जकातीवरून सुरू झाली. मुंबईला चूल पेटवायची तर लाकूड, शिजवायचे तर धान्य या खाडीने यायचे आणि ठाण्याला पोर्तुगीज हात पसरून बसलेले! इंग्रजांच्या मते ही लूट होती, पोर्तुगीजांच्या मते तो वडिलोपार्जित हक्क होता.

आता 1657 कडे येऊ. त्या वर्षीच्या 24 ऑक्टोबरला महाराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. तिथी होती वसुबारसेची. दिवाळी अंकाच्या वाचकांना हा योग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. डोंगरातल्या राज्याला त्या दिवाळीत प्रथमच खाऱ्या पाण्याचा काठ लाभला आणि थोड्याच दिवसांत या खाडीत लढाऊ गलबते बांधायला सुरुवात झाली.

पण गलबते बांधायची कोणी? इथे सरहद्दीच्या गावाचा खरा स्वभाव दिसतो. महाराजांनी कामाला लावले ते पलीकडच्या तीरावरचे कारागीर. रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा भाऊ यांच्या देखरेखीखाली काम चाले आणि त्यांच्याबरोबर बायकामुले धरून तीनशेंहून अधिक माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची झोप उडाली. आज ही गलबते सिद्दीवर चालून जातील, उद्या आपल्यावर! त्याने गुप्तपणे माणूस पाठवून व्हिएगसचे मन वळवले आणि 1659 मध्ये तो सारा तांडा काम टाकून पोर्तुगीज मुलखात निघून गेला. पोर्तुगीज दरबाराच्या दृष्टीने ही मोठी स्वामिनिष्ठा. आपण मराठी वाचक याला दगा म्हणू. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या तांड्यातला एखादा सुतार येतो. वासला तोच, तेच सागाचे लाकूड, खाडीचे पाणीही तेच. मजुरी कोणत्या काठावर घ्यायची एवढाच त्याचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मुभा त्याला एकाही काठावर नव्हती. एवढे मात्र खरे, की त्यांच्या जाण्याने आरमार अडले नाही. काम थोडेबहुत शिकलेले हात मागे राहिले असलेच पाहिजेत.

1661 मध्ये कल्याण मोगलांनी घेतले, 1670 मध्ये मराठ्यांनी परत घेतले. एका पिढीत तीनदा धनी बदलला. अशा गावाकडे 1675 च्या उन्हाळ्यात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य आला. जुन्नरच्या मोगल अंमलदाराला वैद्य हवा होता म्हणून तो निघालेला. मुंबई इंग्रजांची, ठाणे पोर्तुगीजांचे, कल्याण मराठ्यांचे आणि जुन्नर मोगलांचे. काही दिवसांच्या वाटेत चार राज्ये! फ्रायरने कल्याणचे वर्णन केले आहे ते भव्य अवशेषांचे शहर म्हणून. पडके वाडे, पडक्या मशिदी आणि त्यांच्या सावलीत गुरांशेजारी झोपड्यांतून राहणारी कंगाल माणसे. वाचून वाईट वाटते. पण फ्रायरची नजर मुसलमानी अमलाच्या वैभवाकडे लागलेली होती. जे पडले ते त्याला दिसले, जे उभे राहत होते ते दिसले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1674 मध्ये, मोरोपंत पेशवे याच कल्याणला फौज घेऊन बसले होते आणि वसईच्या पोर्तुगीजांकडे चौथाई मागत होते. फ्रायरच्या लेखी जे मसणवट, त्याच्याच दहशतीने वसईकर बेजार होते.

तरी फ्रायरला अगदीच खोटे पाडता येणार नाही. संभाजी महाराजांच्या काळात 1682-83 मध्ये मोगलांनी कल्याण पुन्हा तुडवले, 1689 मध्ये मातबरखानाने ते घेतले, कोट बांधून पुरा केला आणि 1693 मध्ये तोच खान खाडी उतरून पोर्तुगीज मुलखावर तुटून पडला. म्हणजे कल्याण जळाले की ठाण्याने सुखाने झोपावे असेही नव्हते. ज्या पाण्याने सरहद्द राखायची, त्याच पाण्याला रोज ओहोटी लागते आणि ओहोटीला खाडी कुठे उतरता येते हे दोन्ही काठांवरच्या कोळ्यांना ठाऊक असते.

आता ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांच्याकडे वळू. त्यांचे मत आपल्याला एका इटालियन प्रवाशाने नकळत सांगून ठेवले आहे. जेमेली कारेरी 1695 मध्ये या मुलखात हिंडला. गावेच्या गावे पोर्तुगीज जमीनदारांना इनाम दिलेली होती. मुंबईत आजही जमिनीच्या कागदांत दिसणारा ‘फजेंदारी’ हा शब्द त्याच व्यवस्थेची आठवण. कारेरी लिहितो त्याचा आशय असा, की या गावांतले शेतकरी गुलामांहून वाईट स्थितीत आहेत. त्यांना जमीन कसावीच लागते. ते एका गावातून दुसऱ्या गावात पळून जातात आणि जमीनदार त्यांना जबरदस्तीने धरून आणतात. कारेरी कॅथलिक होता, पोर्तुगीजांचा पाहुणचार घेत होता. यजमानाच्या विरुद्ध पाहुण्याने दिलेली साक्ष मी दहा बखरींपेक्षा वजनदार मानतो. रात्री होडीत चढून गेलेला कुणबी हे या सरहद्दीवरचे सर्वांत स्पष्ट मत आहे.

धर्माचा जाच होता तो वेगळा. 1560 मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘इन्क्विझिशन’चा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, हात वसई प्रांतापर्यंत पोचलेला होता. हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांना मनाई होती. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी ती मोडली, पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि ते निसटून पेशव्यांच्या आश्रयाला गेले. खाडीपलीकडे भिवंडीजवळ अंजूर गाव आहे. तिथल्या गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी साष्टी सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. माणसे जोडली, वाटा हेरल्या, पुण्याला खेटे घातले. ‘साष्टीची बखर’ त्यांचीच कथा सांगते. पोर्तुगीजांच्या दफ्तरात अशा माणसांना काय म्हणत असतील याची कल्पना करायला हरकत नाही. एका तीरावरचा फितूर दुसऱ्या तीरावर मुक्तिदाता ठरतो.

1737 च्या मार्च महिन्यात, ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम अजून चालू असतानाच, चिमाजी अप्पांच्या फौजा खाडी उतरल्या आणि ठाणे पडले. प्रांताचा पोर्तुगीज सेनाधिकारी निकराने लढण्याऐवजी करंजाला निघून गेला. दोन वर्षांनी, 1739 च्या मेमध्ये, वसईही पडली. हा पराक्रम आपल्या घराघरांत माहीत आहे, तो मी पुन्हा वर्णन करीत नाही.

मला आठवण करून द्यायची आहे ती पलीकडच्या एका मताची. दोनशे वर्षांत साष्टीतले पुष्कळ कोळी, कुणबी, भंडारी, विणकर ख्रिस्ती झाले होते. काही जुलमाने, काही लोभाने. पण 1737 साली जो तिशीत होता त्याच्या आज्याचा आजाही कदाचित ख्रिस्तीच असेल. त्याच्या दृष्टीने त्या मार्चमध्ये मुक्ती आली की संकट आले? वसईच्या तहात शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडू दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्म पाळण्याची मोकळीक आणि काही चर्चे राखण्याची सवड दिली. दोनशे वर्षांच्या जाचानंतर विजेत्याने दिलेल्या या अटी लहानसहान नव्हेत. तरी पाद्री गेले, आश्रयदाते गेले, कित्येक चर्चे ओस पडली. जे गेले नाहीत ते याच मातीत राहिले. ठाण्यातल्या ख्रिस्ती विणकरांचे रेशमाचे माग एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होते. पुढे 1887 मध्ये या समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. घरात मात्र ते मराठीच बोलत आले आहेत. ते पोर्तुगीज नव्हते हे त्यांच्या बोलीवरून कोणालाही कळावे. आणि आपण तरी किती कोरडे राहिलो? चावी, पगार, घमेले, पाव, बटाटा, चिवड्यातला काजू. या पोर्तुगीज शब्दांना आपण कधी परत पाठवले नाही.

पेशवाईत रामाजी महादेव बिवलकर या सरसुभेदाराने 1760 मध्ये ठाण्याचे कौपीनेश्वराचे देऊळ नव्याने उभे केले; कल्याणचा सुभेदारवाडाही त्यांचाच. एकच माणूस दोन्ही गावांत बांधकामे करतो, ही त्या काळाची खूण. खाडी आता सरहद्द राहिली नव्हती. हे सुख टिकले 37 वर्षे.

पोर्तुगीज ठाणे परत घ्यायला येणार अशी हूल उठली आणि त्यांच्या आधी आपणच घ्यावे म्हणून इंग्रजांनी 1774 च्या डिसेंबरात किल्ल्यावर हल्ला केला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ठाणे त्यांच्या हाती पडले. 1780 मध्ये त्यांनी कल्याणही घेतले, मलंगगडावर चढाई करून पाहिली. पण 1782 च्या सालबाईच्या तहाने कल्याण मराठ्यांकडे परतले आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली.

या दुसऱ्या सरहद्दीची सर्वांत रंगतदार गोष्ट त्रिंबकजी डेंगळ्यांची. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्याला 1815 मध्ये ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहारा सारा गोऱ्या शिपायांचा. हेतू हा, की कोणी फितूर होऊ नये. हेतू चांगला, पण गोऱ्यांना मराठी कुठे येत होते? पुढे बिशप हेबर 1825 मध्ये ठाण्याला आला तेव्हा त्याने ऐकलेली हकीकत अशी: एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मराठी मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि करता करता गाणी गाई. त्या गाण्यांतून निसटण्याचा सारा बेत कैद्याला कळवला जात होता आणि पहारेकरी बिचारे सूर ऐकत उभे! 1816 च्या सप्टेंबरातल्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीतून पार झाला. खाडी उतरली की पेशव्यांचा मुलूख. गाण्याची गोष्ट शंभर टक्के खरी असेल की नसेल. पण ती रचणाऱ्याने सरहद्दीचे मर्म ओळखले होते. भिंत, तोफा, पहारा हे सरकारचे. भाषा मात्र दोन्ही तीरांवर एकच होती. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

1817 च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांना मिळाले आणि खाडीवरची रेघ दुसऱ्यांदा पुसली गेली. कल्याणच्या मचव्यांना आता मध्ये परके दार राहिले नाही. 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली आणि 1 मे 1854 रोजी खाडीवरचा पूल ओलांडून कल्याणला पोचली. ज्या पाण्यासाठी दोनशे वर्षे तोफा डागल्या, ते आगगाडीने ओलांडायला आता काही क्षण पुरले.

पुढे शंभर वर्षे उलटायच्या आत सरहद्दीने या गावांना आणखी एकदा गाठले. पण ती सरहद्द इथली नव्हती. 1947 मध्ये सिंध पाकिस्तानात गेला आणि हजारो सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडली. कराची-हैदराबादेकडची घरे सोडून आलेली ही माणसे; त्यांना ना इथली भाषा येत होती ना इथला पाऊस सोसत होता. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. नाव ठेवले उल्हासनगर, शेजारून वाहणाऱ्या नदीवरून.